वाफसा येण्याआधीची पेरणी

जून अर्धा उलटला की माझा फोन वाजायला लागतो आणि मीही लोकांना फोन लावायला लागते. गेली अकरा वर्षं एका दिवाळी अंकाचा कथाविभाग मी बघते. "यंदा तुमची कथा हवीच, पंधरा ऑगस्टपर्यंत द्या," हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं आहे. लेखक म्हणून हेच वाक्य मला दुसऱ्या संपादकांकडून ऐकू येतं. त्या फोनवर आम्ही शब्दसंख्या विचारतो, मानधन सांगतो, फोटो मागवतो, बँकेचा खाते क्रमांक लिहून घेतो. तुमच्याकडे या घडीला काही पिकलेलं आहे का, एवढं मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

माझे आबा वाशीम जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीत सोयाबीन आणि तूर घ्यायचे. पहिला पाऊस बरसून गेला की आजूबाजूचे लोक पेरणीला धावायचे. आबा बांधावर उभे राहायचे. मग खाली बसून वीतभर माती उकरायचे, मूठभर घेऊन दाबायचे आणि मूठ उघडायचे. माती बोटांना चिकटली की म्हणायचे, "चिखल आहे अजून." दाबल्यावर गोळा झाला आणि छातीच्या उंचीवरून सोडल्यावर तो खाली पडून फुटला, म्हणजे वाफसा आला. मग ते तासभरही थांबायचे नाहीत, कारण कडक ऊन पडलं तर दोन-तीन दिवसांत वरची ओल उडते आणि बियाणं कोरड्यात पडतं. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आबांकडे पर्जन्यमापक नव्हता, मूठ होती. घाई केलेल्यांवर दुबार पेरणीची पाळी आलेली मी लहानपणी पाहिली आहे. बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा जातात ते जातातच, पण हंगामाचे पंधरा-वीस दिवस गेलेले असतात, ते कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

लिहिणाऱ्याच्या मनाची तयारी सांगायला मला 'वाफसा' या शब्दाहून नेमका शब्द मिळालेला नाही. लवकर पेरण्याची आणि उशिरा पेरण्याची, दोन्ही चुका त्यात मावतात. आणि माझं म्हणणं असं आहे की आजच्या मराठी साहित्यव्यवहारात लिहिणारे पुष्कळ आहेत, छापायच्या जागाही पुष्कळ आहेत, पण मूठ उघडून बघणारे उरलेले नाहीत. 'अजून झालेलं नाही' ही लेखनाची एक खरी, कष्टाची, आदराने वागवण्याजोगी अवस्था आहे. अंकांच्या तारखा, अनुदानाचे नियम, पुरस्कारांची वर्षं यांपैकी कशालाही ती ओळखता येत नाही. याचं नुकसान भाषेचं होतं आहे.

आधी लिहिणाऱ्याच्या आत काय घडतं ते पाहू. सुरुवातीला काहीतरी टोचतं. एसटी स्टँडवर कानावर पडलेलं एक वाक्य, मयतीला आलेल्या एखाद्या बाईचं सगळ्यांपासून जरा लांब बसणं, भावकीतल्या भांडणात कोणीतरी अचानक गप्प होणं. त्या क्षणी आपल्याला कथा सापडली असं वाटतं. हा सगळ्यात फसवा क्षण, कारण अंगात भरपूर उत्साह असतो आणि हातात फक्त एक ठिणगी असते. माझ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या बऱ्याच कथा याच क्षणी लिहिलेल्या असतात. त्यांत घटना असते. ती ज्यांच्यावर गुदरली ती माणसं अजून आलेली नसतात.

त्यानंतर साठवणीचा काळ. हे जागेपणी करायचं काम आहे. त्या गावाला शेवटची गाडी किती वाजता जाते, त्या समाजात मयताला आंघोळ कोण घालतं, १९८५ साली मंगळसूत्र मोडलं तर सोनार काय भाव देत असे, हे विचारत हिंडावं लागतं. वही भरते. आणि मग एक सपाट, कंटाळवाणा काळ येतो. त्यात दिसण्यासारखं काहीच घडत नाही. वही उघडावीशी वाटत नाही. विषय मेला, असं लेखक स्वतःशी कबूलही करून टाकतो. माझा अनुभव असा की खरं काम याच काळात चालतं. ज्या तपशिलांचा गोष्टीशी नुसता ओळखीपुरता संबंध होता ते गळून जातात. ज्यांची मुळं आत गेलेली असतात ते राहतात. मुरणं हा शब्द आपण लोणच्यासाठी वापरतो आणि माणसाच्या अनुभवासाठीही वापरतो, ते उगीच नाही.

वाफसा आला हे कळतं कसं? प्रत्येकाची खूण वेगळी. कोणाला पहिलं वाक्य ऐकू येतं, कोणाला शेवटचं दृश्य दिसतं. माझ्यापुरती खूण एवढीच की बोलतंय कोण, ते मला कळलेलं असतं. दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ साली आलं तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. त्या पुस्तकात दगडू मारुती पवार आणि दया पवार समोरासमोर बसून बोलतात. एकाच माणसातले हे दोघे, एक गावकुसाबाहेरचा आणि एक शिकून शहरात आलेला. ते पुस्तक मी दर वेळी उघडते तेव्हा वाटतं, या दोघांना समोरासमोर बसवण्याची युक्ती सुचण्याआधी तेच अनुभव लिहायला घेतले असते तर ते कदाचित निवेदन झालं असतं, कदाचित तक्रारअर्ज झाला असता. घटना सगळ्या आधीपासून होत्याच. त्या कोणी कोणाला सांगायच्या, हे ठरायला वेळ लागतो.

दुसरी एक खूण मी इतरांमध्ये पाहिली आहे. विषय पिकत आला की माणूस त्याबद्दल बोलणं बंद करतो. आपली येऊ घातलेली कादंबरी चहाच्या टेबलावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगणारा लेखक भेटला की मला त्या कादंबरीची काळजी वाटते. सांगून झालं की सांगायची निकड संपते. आता तर सकाळी सुचलेलं दुपारी फेसबुकवर लिहिता येतं, संध्याकाळपर्यंत दोनशे जणांनी 'अप्रतिम' म्हटलेलं असतं, आणि जे बी जमिनीत जायला हवं होतं ते भाजून खाल्लेलं असतं.

पाश्चात्त्यांनी याचा अभ्यास केलेला आहे. ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ साली सर्जनाचे चार टप्पे मांडले: पूर्वतयारी, उबवण, अचानक उजाडणं आणि पडताळणी. त्यामागे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८९१ साली, सत्तरीच्या सत्कारात केलेलं भाषण होतं. आपल्याला कल्पना टेबलाशी सुचत नाहीत, उन्हाच्या दिवशी झाडीची टेकडी सावकाश चढताना सुचतात, असं ते म्हणाले होते. फ्रेंच गणिती प्वँकारे यांची हकीकत तर प्रसिद्धच आहे. कित्येक दिवस सुटत नसलेलं कोडं त्यांना कुतांस गावी बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता सुटलं. आपल्याकडे ही हकीकत सांगणारे तिचा दुसरा भाग गाळतात. प्वँकारे बजावून सांगतात की असं उजाडणं फक्त त्यांच्याच वाट्याला येतं, ज्यांनी आधी अनेक दिवस जाणीवपूर्वक, वरवर वांझ वाटणारी मेहनत केलेली असते. म्हणजे 'मूड लागत नाही' म्हणून पाच वर्षं न लिहिणाऱ्याला या सिद्धांताचा आधार घेता येणार नाही. वही भरलेलीच नसेल तर मुरायला आत आहे काय?

वॉलसची मांडणी मला लेखकाच्या बाबतीत अपुरीही वाटते. गणित्याला प्रश्न ठाऊक असतो, उत्तर शोधायचं असतं. कथाकाराला प्रश्नच ठाऊक नसतो. पुष्कळदा तो लिहून झाल्यावर कळतो. आणि चौथ्या टप्प्यावर लेखकाचं काम संपतही नाही. लिहिण्याची तयारी, कोणाला दाखवण्याची तयारी आणि छापण्याची तयारी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण तिन्हींना मिळून 'लिहून झालं' म्हणतो, तिथे घोटाळा होतो.

मराठीत याचं सर्वांत परिचित उदाहरण साने गुरुजींचं आहे. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहायला घेतली गेली आणि १३ तारखेच्या पहाटे तिचा मुख्य भाग लिहून झाला. पाच दिवस. तेही दिवसा तुरुंगातलं काम करून. झपाट्याने लिहिण्याच्या समर्थनार्थ हे उदाहरण मी अनेकदा ऐकलं आहे. पण गुरुजींची आई वारली १९१७ साली. मधल्या पंधराहून अधिक वर्षांत ते शिक्षक झाले, मुलांच्या वसतिगृहात राहिले, त्यांना रात्री गोष्टी सांगत आले, तुरुंगात गेले. आई म्हणजे काय हे शब्दांत कसं सांगायचं, याचा रियाझ मुलांसमोर कित्येक रात्री झालेला होता. पाच दिवस हे कापणीचे होते. शिवाय राहिलेल्या काही 'रात्री' (पुस्तकातल्या प्रकरणांचं हेच नाव) त्यांनी बाहेर आल्यावर लिहिल्या, त्यांतल्या तीन पुस्तकातून गाळल्या आणि पुस्तक छापून आलं १९३५ साली. एवढ्या वेगात लिहिणाऱ्या माणसानेही छापण्याआधी हात आखडला, हे मला त्या पाच दिवसांपेक्षा अधिक शिकवणारं वाटतं.

भालचंद्र नेमाड्यांकडे बघा. त्यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ सालची, वयाच्या पंचविशीत, जेमतेम पंधरा-वीस दिवसांत लिहिलेली. 'हिंदू' आली २०१० साली, वाचकांनी कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर. लेखक तोच. म्हणून 'किती वर्षं लागली' हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. एकाच शेतकऱ्याच्या एका वावरात वाफसा लवकर येतो, दुसऱ्यात उशिरा, कारण माती वेगळी असते, उतार वेगळा असतो.

आणि अरुण कोलटकर. त्यांचा पहिला मराठी कवितासंग्रह १९७७ चा. त्यानंतरचं मराठी पुस्तक २००३ साली. मधे सव्वीस वर्षं. या सव्वीस वर्षांत ते गप्प नव्हते, लिहीत होते, खोडत होते, ठेवून देत होते. पुढे २००३-०४ मध्ये, आजारपणात, पुस्तकांमागून पुस्तकं आली आणि सप्टेंबर २००४ मध्ये ते गेले. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा ते नव्हते. यातून दोन गोष्टी दिसतात. छापण्याची घाई नसलेल्या कवीने काय उंचीचं काम करून ठेवलं, ही पहिली. दुसरी अस्वस्थ करणारी आहे: आणखी थोडा उशीर झाला असता तर त्यातलं किती आपल्या हाती लागलं असतं, कोण जाणे. कोलटकर जाहिरातीच्या क्षेत्रात ग्राफिक कलाकार होते आणि पोटासाठी कवितेवर अवलंबून नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं. तो मुद्दा मला पुढे लागणार आहे.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, कारण या विषयावर मला मत बनवता आलं ते तिच्यामुळे.

माझी आत्या सासरहून परत आली ती कायमची आमच्याकडेच राहिली. तिच्या खाटेखाली पत्र्याची एक पेटी असायची, किल्ली कडोसरीला. वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेच्या आधी, ती पेटी ओढून काढायची, आतली दोन लुगडी उन्हात घालायची, पुन्हा घड्या करून ठेवायची आणि पेटी पायाने खाटेखाली सारायची. २००९ च्या जुलैत एका संपादकांचा फोन आला. तोवर माझ्या दोनच कथा छापून आल्या होत्या. कोणीतरी आपणहून कथा मागतंय याचाच इतका आनंद झाला की मी आत्यावर कथा लिहिते म्हणून सांगून टाकलं आणि नऊ दिवसांत लिहून दिली. त्यात एक वाक्य होतं: "पेटी उघडून ती हमसून हमसून रडली." कथा छापून आली. पाडव्याच्या दिवशी अंक हातात घेऊन मी ती वाचली आणि त्या वाक्यावर थांबले. आत्याला पेटीपाशी रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. रडले असते ती मी.

आत्या पेटीपाशी काय करायची, ते मला आणखी दहा वर्षांनी समजलं. आई आजारी होती, केव्हाही दवाखान्यात न्यावं लागेल अशी परिस्थिती होती. दाराशी एक पिशवी भरून ठेवली होती. रोज रात्री झोपण्याआधी मी ती उघडून बघायची: टॉवेल, फुलपात्र, कंगवा, फाइल. एका रात्री माझ्या तोंडून निघणारे आकडे मलाच ऐकू आले. दोन, तीन, चार. आणि आत्याचा आवाज कानात आला. ती लुगडी मोजायची, कुंकवाचा करंडा मोजायची, पितळेचा गडू मोजायची. चाळीस वर्षं. बोलावणं आलं तर त्या पावली निघता यावं म्हणून.

ही कथा मला आता लिहिता येत नाही. लिहायला बसते तेव्हा जुन्या कथेचं वाक्य आडवं येतं. त्या कथेतल्या खोट्या बाईने खऱ्या बाईची जागा घेतलेली आहे. दुबार पेरणीचा प्रयत्न मी तीनदा केला. ज्यांनी ती मागितली त्या संपादकांना मी दोष देत नाही. मागणं हे त्यांचं काम होतं. कोणीतरी मात्र मला विचारायला हवं होतं, की ती खरंच रडायची का.

असं विचारणारी माणसं मराठीत होती. 'सत्यकथा' मासिकाचा काळ आठवा. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन या तिथल्या संपादकांकडे पाठवलेली कथा परत यायची आणि सोबत पत्र यायचं. त्या काळातल्या कित्येक लेखकांनी या पत्रांबद्दल कृतज्ञतेने लिहून ठेवलं आहे; काहींनी रागानेही. त्या अभिरुचीबद्दल, तिने दाराबाहेर ठेवलेल्यांबद्दल झालेले आक्षेप मला मान्य आहेत, आणि त्या दाराबाहेरून आलेल्या अनियतकालिकांनी, म्हणजे जमेल तेव्हा निघणाऱ्या छोट्या अंकांनी, मराठी समृद्ध केली हेही खरं. तरी १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडलं तेव्हा एका मासिकाबरोबर एक कामही संपलं: दुसऱ्याचा खर्डा मुठीत दाबून बघण्याचं काम. आज प्रकाशनसंस्थांमध्ये मुद्रितशोधक आहेत, मांडणीकार आहेत. संपादक या नात्याने लेखकाबरोबर दोन-तीन खर्डे काढणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांना त्या कामाचे धड पैसे मिळत नाहीत. मी स्वतः अंकासाठी दीड महिन्यात साठ-सत्तर कथा वाचते. खरं वाचन त्यातल्या किती कथांचं होतं, हे मला ठाऊक आहे.

का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा मला जिवाभावाची आहे. बंगालमधले दुर्गापूजेचे विशेषांक सोडले तर जगात दुसरीकडे सणाच्या फराळाबरोबर घरोघर कथा-कविता वाचल्या जात असतील असं मला वाटत नाही. म्हणूनच हे बोलणं भाग आहे. शेकड्यांनी निघणाऱ्या अंकांना दरवर्षी एकाच आठवड्यात हजारो पानं मजकूर लागतो, आणि तो पुरवायला ठरावीक लेखक असतात. एका चांगल्या कथाकाराने एका दिवाळीत पाच अंकांत पाच कथा दिलेल्या मी पाहिल्या आहेत. पाचही वाचल्या. एक पिकलेली होती, बाकीच्या चार तिच्याच फांदीवरच्या, दगड मारून पाडलेल्या.

तारखेशिवाय कोणी लिहीत नाही, असं यावर म्हटलं जातं. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी टाळणार नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो' ही मराठीतली थोर कादंबरी त्यात क्रमशः लिहिली. अंक निघायचा म्हणजे प्रकरण द्यायचंच. पण त्या काळच्या स्त्रीच्या जिण्याबद्दलचा हरिभाऊंचा विचार अंकाच्या तारखेने जन्माला घातला नव्हता. आजूबाजूच्या घरांत, वादांत, चळवळीत तो बरीच वर्षं साठत आलेला होता. आणि त्याच हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हेही त्याच पद्धतीचं फळ. पिकलेलं फळ तारखेने हातात येतं, कच्चं फळ तारखेने पिकत नाही. मीही हा लेख तारखेलाच लिहिते आहे. विषय माझ्याकडे अकरा वर्षं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. वाट बघणं ही ज्याचं पोट भरलेलं आहे त्याची चैन आहे. कोलटकरांकडे व्यवसाय होता. प्राध्यापकाला उन्हाळ्याची सुट्टी असते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी, बारा तासांची पाळी करणारा कामगार, लेकरं झोपल्यावर स्वयंपाकघरात लिहायला बसणारी बाई, यांनी कशाच्या जोरावर थांबायचं? त्यांना एक कथा छापून आली तर घरात पहिल्यांदा मान मिळतो. त्यांना 'अजून मुरू द्या' म्हणणं किती सोपं आणि किती निष्ठुर आहे! हा आक्षेप मी मनापासून मान्य करते, आणि म्हणूनच हा प्रश्न मला लेखकाच्या खाजगी शिस्तीचा वाटत नाही, सार्वजनिक वाटतो. वेळ ही वस्तू ज्यांच्याकडे नाही त्यांना ती मिळवून देणं हे समाजाचं काम आहे.

आपण करतो काय? राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. त्याची नवलेखक अनुदान योजना आहे आणि तिच्यामुळे ज्यांना एरवी कोणी दारात उभं केलं नसतं अशा कितीतरी जणांचं पहिलं पुस्तक निघालं, त्याचं मोल मोठं आहे. पण हे अनुदान मिळतं तयार हस्तलिखिताला, छपाईसाठी. कागदाला पैसे आहेत, शाईला आहेत. त्या हस्तलिखितावर आणखी वर्षभर बसण्यासाठी नाहीत. राज्याचे वाङ्मय पुरस्कार त्या त्या वर्षी निघालेल्या पुस्तकांना मिळतात. ते योग्यच, पण डिसेंबर जवळ आला की 'या वर्षात बसवू या' म्हणून पुस्तकं छापखान्यात ढकलली जातात, हे मी जवळून पाहिलं आहे. केंद्राने २०२१ साली तिशीच्या आतल्या लेखकांसाठी युवा योजना काढली: पंचाहत्तर जणांना सहा महिने, दरमहा पन्नास हजार रुपये आणि मार्गदर्शक. लिहिण्याच्या वेळेला पैसे मोजण्याची ही कल्पना मला आवडली, तिचं स्वागत करायला हवं. मात्र विषय आधीच ठरलेला होता, स्वातंत्र्यचळवळीचा, आणि मुदत सहा महिन्यांची. बियाणंही सरकारने द्यायचं आणि पेरणीचा दिवसही सरकारने ठरवायचा, तर मूठ उघडून बघायला लेखकाला वावच राहत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यापाठोपाठ निधीची, केंद्रांची, प्रकल्पांची चर्चा सुरू झाली. जुन्या ग्रंथांचं संशोधन व्हायलाच हवं. त्याचबरोबर माझी मागणी अशी की आज लिहिणाऱ्या वीस-पंचवीस जणांना, विशेषतः ज्यांना नोकरीतून किंवा घरातून उसंत नाही त्यांना, वर्ष-दोन वर्षांचं वेतन द्यावं आणि शेवटी पुस्तक मागू नये. वही दाखवा, एवढंच म्हणावं. ज्यांची वही भरली नाही त्यांना पुन्हा देऊ नये. आणि जाणत्या संपादकांना पगार देऊन एखाद्या विद्यापीठात किंवा मंडळात बसवावं. कोणीही आपला खर्डा त्यांच्याकडे पाठवावा आणि दोन महिन्यांत टिपणांसह परत मिळवावा. इतक्या मोठ्या राज्याला हा खर्च जड नाही.

दिवाळी अंकांना काहीच खर्च नाही. कथा ऑगस्टऐवजी आदल्या डिसेंबरात मागायची. आलेली कथा एकदा तरी परत पाठवायची. चार कथा कमी छापल्या तर वाचक रुसत नाही. आणि एखाद्या लेखकाने 'यंदा नाही' म्हटलं तर पुढच्या वर्षी त्याला विसरायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण बरेच लेखक कच्चं देतात ते विसरले जाण्याच्या भीतीने. आमच्या अंकात मी हे दोन वर्षांपासून सुरू केलं आहे. पहिल्या वर्षी तीन पानं कमी पडली, तिथे जुनी रेखाचित्रं घातली.

त्याच वर्षी एका सरकारी रुग्णालयात नर्स असलेल्या बाईंची कथा माझ्याकडे आली होती, अकरा पानांची. रात्रपाळीत एक बाळ दगावतं. शेवटी नर्स खिडकीशी उभी राहते, बाहेर पाऊस कोसळत असतो, तिच्या डोळ्यांतही. मी ती तीन पानांच्या पत्रासह परत पाठवली. पत्रात एक प्रश्न विचारला होता: त्या वेळी तुमचे हात काय करत होते? चौदा महिने उत्तर आलं नाही. आपण एका लिहू पाहणाऱ्या बाईला गप्प केलं, असं मला वाटायला लागलं होतं, आणि ती टोचणी मी कोणाशी बोलले नव्हते.

गेल्या नोव्हेंबरात पाकीट आलं. अकराची सहा पानं झाली होती. खिडकी गेली होती, पाऊसही गेला होता. शेवटच्या परिच्छेदात नर्स रजिस्टर उघडते, वेळ लिहिते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि लिहिलेली वेळ खोडून दोन मिनिटं आधीची लिहिते. का, ते कथेत कुठे सांगितलेलं नाही.

पेन्सिल हातात होती. समासात मी काही लिहिलं नाही आणि कथा जुळणीला पाठवली.